कडी वाजल्यावर

धुलाईघरात त्याला सगळे दमान्या म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. गोष्ट सांगताना कोणी मधेच "मग? पुढे?" केलं की तो तळहात वर करायचा आणि म्हणायचा, "दमानं." त्या शब्दाचा दमान्या झाला. पुढे एक नवा मुकादम आला, त्याला ते आडनावच वाटलं. तो "अहो दमाने" अशी हाक मारू लागला आणि हाही ओ देऊ लागला. कोण समजावत बसणार?

हा शब्द त्याने इस्त्रीच्या रुळाकडून घेतला होता. धुलाईघरात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, गठ्ठ्यांनी. धुऊन, पिळून, ओलसर असतानाच त्या वाफेच्या मोठ्या रुळात घालायच्या. चादरीचं एक टोक दमान्याच्या हातात, दुसरं चष्म्याच्या. चष्म्या हा त्याचा जोडीदार. त्याची भिंगं इतकी जाड, की त्यांच्यावर वाफ धरली की बिचाऱ्याला स्वतःचे हातही दिसत नसत. चादरीची कड ताणून रुळाच्या तोंडाशी न्यायची आणि दोघांनी एकाच वेळी सोडायची. एकाचा हात आधी सुटला तर चादर तिरकी जाते, चुणी पडते, आणि वाफेने बसलेली चुणी पुन्हा धुतल्याशिवाय निघत नाही. उशिरा सुटला तर बोटं भाजतात. घाईचं काम नव्हे आणि आळसाचं तर नव्हेच. दमान्याने उभं आयुष्य ते केलं. त्याच्या बाजूची चुणी कोणी कधी दाखवली नाही.

गोष्टीही तो तशाच सांगायचा, हात कधी सोडायचा ते बघून.

जेवणाच्या सुट्टीत सगळे सुकवणखोलीत जमत, कारण तिथे ऊब असायची. चारी बाजूंना पांढऱ्या चादरी टांगलेल्या. परक्या माणसाला वाटावं, भुताच्या गोष्टीला याहून चांगली जागा कुठली. पण दमान्याच्या भुताने कधी चादर पांघरली नाही. "चादरीला कोण भितो?" तो म्हणायचा. "दिवसभर आपणच तिची मानगूट धरतो."

भुताच्या गोष्टी आधी चष्म्याही सांगायचा. त्याच्या गोष्टीत सगळं असे. लाल डोळे, लांब नखं, रक्ताने भरलेला सुरा, हवेत तरंगणारं मुंडकं. एकदा घड्या घालणाऱ्या बाईने, जिला सगळे घडीवाली म्हणत, तोंडातला घास गिळून विचारलं, "मुंडकंच तरंगत होतं, तर सुरा धरला होता कशात? दातांत?" त्यानंतर आठवडाभर चष्म्याला सगळे दात दाखवत होते. त्याने भुतांचा धंदा बंद केला तो कायमचा.

दमान्याची गोष्ट एकच होती. तीच तो वर्षानुवर्षं सांगत आला, आणि तीच ऐकायला लोक पुन्हा पुन्हा बसत.

एक माणूस होता. गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्यावर कामाला. बंगल्याचे मालक कधीच दूर निघून गेलेले. मालकीणबाई त्याच्याही आधी वारलेल्या. ह्याचं काम एवढंच, की रोज दुपारी जायचं, कुलूप काढायचं, खोल्या झाडायच्या, खिडक्या उघडून घटकाभर वारा खेळू द्यायचा, पुन्हा लावायच्या आणि घरी यायचं.

वेळ दुपारची. ऊन पडलेलं. रात्र तो घालायचाच नाही. रात्री कोणीही भितो, त्यात सांगणाऱ्याचं काय काम?

मग तो त्या माणसाला चालवायचा. घाई नाही. हातात भरलेली बादली, बगलेत झाडू. बादलीची मूठ बोटांत कशी रुतते, मधेच हात कसा बदलावा लागतो, पायरीवर पाणी सांडू नये म्हणून कसं तिरकं चढावं लागतं. हे सगळं तो सांगायचा, कारण ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने बादल्या उचलल्या होत्या. बादली खरी वाटली की बंगला खरा वाटतो. चष्म्याने भुतावर जेवढी मेहनत घेतली तेवढी दमान्याने बादलीवर घेतली होती.

"दारापाशी आला. बादली ठेवली. आणि त्याने कडी वाजवली."

"अगं बाई!" घडीवाली दर वेळी म्हणायची. "कुलूप आहे ना? मग वाजवली कशाला?"

"सवय. बाई होत्या तेव्हा त्या येऊन उघडायच्या. हात आपला गेला." इथे तो स्वतःच्या हाताकडे बघायचा. "मग त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आणि आतून..."

जीभ टाळ्याला लावून तो हलकेच आवाज काढायचा. टक्. मग थांबायचा. मग दातांतून हवा सोडत, फरशीवर काही ओढल्यासारखा दुसरा. सर्र.

टक्... सर्र.

"उंदीर असेल," कोणीतरी म्हणायचंच.

"उंदीर इतका थांबून चालत नाही."

"खिडकी आपटली असेल."

"खिडकी एका जागी आपटते. हा आवाज जागा बदलत होता."

"मग चोर!"

"कडी वाजल्यावर चोर दाराकडे येतो की मागच्या बाजूने पळतो?"

हे प्रश्न त्याला हवे असायचे. पळायच्या वाटा ऐकणाऱ्यांनीच दाखवायच्या, ह्याने एकेक बंद करायची. शेवटी एकच दार उरायचं, आणि त्याच्याकडे ते पाऊल येत असायचं. मागची खोली, मग बोळ, मग जेवणघर. प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा वेगळा. मग मधला दिवाणखाना. तिथे जाड गालिचा.

"गालिच्यावर पाऊल वाजत नाही," दमान्या म्हणायचा आणि गप्प व्हायचा.

किती वेळ गप्प राहायचं हे त्याला नेमकं कळे. लोकांचे घास हातात राहायचे. ते पाऊल थांबलंय की येतंय, कळायला मार्ग नसायचा. भुताने सगळ्यात मोठं काम केलं ते ह्या गालिच्यावर, काही न करता. मग एकदम, अगदी दाराच्या पलीकडे, टक्. आणि आतली खिट्टी सरकायची.

तिथे गोष्ट संपायची. "मग?" "मग काय, तो पळाला. तुम्ही काय केलं असतं?" आतली ती मेलेली बाई कशी दिसत होती, हे दमान्याने कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्याकडे फक्त आवाज होता.

आणि तो आवाज त्याच्या ताईचा होता.

ताई त्याची मोठी बहीण. लहानपणी तिचा पाय मोडला आणि वेडावाकडा जुळला. आईवडील गेल्यावर तिनेच ह्याला वाढवलं. शर्टांना काजं करायची, बटणं लावायची, घरबसल्या. दोघांच्या दोन खोल्या होत्या, जिन्याच्या अगदी टोकाला. लग्न तिचं झालं नाही, ह्याने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ताईला पसंत पडायला हवी ना," आणि ताई म्हणायची, "माझ्यावर ढकलू नकोस. तुला विचारलंय कोणी?"

ताई दिवसभर एकटी असायची म्हणून दाराला आतून खिट्टी. संध्याकाळी हा कडी वाजवायचा. आतल्या खोलीत ताई मांडीवरचे शर्ट बाजूला ठेवायची, कात्री उचलून खिडकीत ठेवायची, भिंतीला हात लावून उठायची आणि निघायची. धडका पाय टाकला की चपलेचा टक्. मोडका मागून ओढला की सर्र. ह्याला बाहेर बराच वेळ उभं राहावं लागे. एकदा तो म्हणाला, "दार नुसतं लोटून ठेवत जा. मी येतो आपला." ताई म्हणाली, "घरचं माणूस दमून आलं की दार माणसाने उघडावं. आपोआप उघडलेल्या दाराला काय अर्थ आहे?"

अशाच एका संध्याकाळी बाहेर उभं असताना त्याच्या मनात आलं, आत येतेय ती ताई नसेल तर? पाऊल तेच, पण ताई नसेल तर? रोजचाच आवाज, आणि अंगावर सरसरून काटा आला. तेवढ्यात दार उघडलं. ताई म्हणाली, "किती वाजवतोस? येतेच आहे ना." तो स्वतःशीच हसला. दुसऱ्या दिवशी सुकवणखोलीत त्याने पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली.

ताईच्या कानावर गोष्टींचं आलं होतं. तिला कौतुक होतं. "तू कामावर गोष्टी सांगतोस म्हणे. मला सांग की एखादी."

"तुला नाही आवडायच्या. भुताच्या असतात."

"मी काय भिते होय?"

"बघू कधीतरी," तो म्हणायचा. तिच्यासमोर तो आवाज कसा काढणार? पण ह्याच्यापुढे त्याने विचार केला नाही. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटत नव्हतं. आवाज चांगला होता, वापरला. धुलाईघरात ताईला कोणी पाहिलेलं नव्हतं.

एक दिवस तो डबा विसरला. ताईने तो टेबलावर पाहिला. शेजारी कोणी असतं तर तिने पाठवून दिला असता. कोणी नव्हतं. ती जिना उतरली. तो जिना उतरणं म्हणजे काय, ते ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला सांगून कळणार नाही. कठडा धरून, एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, प्रत्येक पायरीवर. मग रस्ता. मग बस. बसची पायरी उंच असते. मग धुलाईघराचं आवार, जिथे फरशी कायम ओली. डबा छातीशी धरून ती भिंतीच्या कडेकडेने आली. फाटकावरच्या माणसाने तिला सुकवणखोलीचा बोळ दाखवला.

आत गोष्ट रंगात आली होती. पाऊल गालिच्यावर पोचलं होतं. दमान्या गप्प होता. सगळे गप्प होते.

आणि बोळातून आवाज आला. टक्... सर्र.

घडीवाली किंचाळली. चष्म्याच्या हातचं पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं. कोणी उठून उभं राहिलं, कोणी चादरीत शिरलं. टक्... सर्र. दार ढकललं गेलं, आणि दारात एक लहानखुरी बाई, हातात डबा.

मग जे हसू फुटलं, ते आवरेना. भीती उतरते तेव्हा हसू असंच येतं, त्याला लगाम नसतो.

"दमान्या, लेका, तुझी मालकीणबाई आली बघ!" चष्म्या भिंगं पुसत ओरडला.

"अगं आई गं," घडीवाली छातीवर हात ठेवून म्हणाली, "जीव गेला असता ना माझा!"

ताई दारातच थांबली होती. इतके लोक आपल्याकडे बघून का हसताहेत, तिला कळेना. तीही थोडी हसली, चार लोक हसतात म्हणून हसतो तशी. "डबा विसरलास," ती भावाला म्हणाली.

हसू ओसरलं. ही दमान्याची कोण, ते सगळ्यांना एकदम कळलं. घडीवाली मनाने चांगली होती, तिला सारवासारव करायची होती. "रागावू नका हो ताई. तुम्हाला नाही हसलो. ह्यांच्या गोष्टीत एक बाई आहे, मेलेली. ती अशीच येते बघा..." आणि तिने जिभेने करून दाखवलं. टक्. सर्र. इतकी वर्षं ऐकून तिला अगदी जमलं होतं.

ताईने दमान्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हो का," ती म्हणाली. "बरोबर जमलंय."

तिने डबा त्याच्या हातात दिला. "जेवून घे. येते मी."

तो अर्धा उठला. तिला फाटकापर्यंत तरी सोडायला हवं होतं. बसमध्ये चढवायला हवं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं, पुढे ते नव्याने कळलं असं नाही. पण चष्म्या म्हणाला, "अरे, भोंगा व्हायच्या आत शेवट तर कर." आणि ताई म्हणाली, "सांग, सांग. लोक थांबलेत."

तो बसला.

ताई बोळातून निघाली. टक्... सर्र. आवाज लांब जात होता. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि दमान्याच्या लक्षात आलं, की ह्या घडीला खोली जितकी आपल्या मुठीत आहे तितकी आजवर कधीच नव्हती. त्याने वाट पाहिली. आवाज पुरता विरू दिला. तो विरल्यावरही थोडा थांबला. मग त्याने जिभेने एकच टक् केला, अगदी जवळ, आणि म्हणाला, "खिट्टी सरकली."

घडीवालीने कानांवर हात घेतले. चष्म्या पुढे कितीतरी दिवस म्हणत होता, दमान्या, त्या दिवसासारखी गोष्ट नाही झाली लेका. खरंच होतं ते. त्या दिवशी त्याचा हात अगदी नेमक्या वेळी सुटला होता.

संध्याकाळी तो घरी गेला. काय बोलायचं ते जिन्यावर जुळवत होता. दारापाशी आला, कडी वाजवली.

"लोट," आतून ताईचा आवाज आला. "उघडंच आहे."

ताई खिडकीशी बसून काजं करत होती. डबा त्याने धुवायला ठेवला. ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी होतं का रे?" तो म्हणाला, "नाही." मग दोघं नेहमीचंच बोलले. जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं. ती रागावली असती, रडली असती, ताटावरून उठली असती, तर ह्याला तोंड उघडता आलं असतं. तिने वाटच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही दार लोटलेलंच. तिसऱ्याही. मग ते तसंच झालं. हा घरात असला की ताई उठायची नाही. पाणी, चहाची भांडी, दिव्याची काडेपेटी, सगळं तो यायच्या आत हाताशी आणून ठेवलेलं. तो अंघोळीला गेला की तेवढ्यात तिची काय ती हालचाल व्हायची. काही दिवसांनी तिने चांभाराकडून चपलांना खालून जाड रबर मारून आणलं. "फरशीवर घसरायला होतं," ती म्हणाली. इतकी वर्षं घसरायला होत नव्हतं, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही.

गोष्ट मेली. दमान्याने सांगून पाहिली, पण आवाजाशी आला की जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्याने दुसरं काय काय घातलं. साखळदंड घातले. विहिरीतून येणारं हसू घातलं. एकदा तर मुंडकंही घातलं. चष्म्या जांभई देत म्हणाला, "माझंच मला विकतोस होय?" दमान्याला कळत होतं, हे सगळं उसनं आहे. ज्याला तो स्वतः कधी भ्यायला नाही, त्याला दुसरा काय भिणार. हळूहळू सुट्टीत पत्ते सुरू झाले. दमान्या नाव तेवढं राहिलं, आणि नव्या मुकादमासारखंच नव्या लोकांनाही ते आडनाव वाटत राहिलं.

तो निवृत्त झाला. चष्म्या मुलाकडे राहायला गेला. घडीवाली वर्षातून एखाद्या वेळी बाजारात भेटायची आणि विचारायची, "ताई बऱ्या आहेत ना?" तो म्हणायचा, "आहे. बरी आहे."

घरी बसल्यावर त्याला एकाच गोष्टीचा ध्यास लागला. ताईने एकदा उठून दार उघडावं. फक्त एकदा. कडी वाजवावी, आपण बाहेर उभं राहावं, आणि ते पाऊल यावं. माफी मागायला त्याच्याकडे शब्द नव्हते, पण ते पाऊल आलं असतं तर त्याला वाटलं असतं, झालं, फिटलं.

त्याने युक्त्या केल्या. एकदा म्हणाला, "ताई, हल्ली चोऱ्या फार होतात. दार लोटून बसत जाऊ नकोस. खिट्टी लाव आतून."

"खरंय," ताई म्हणाली. दोन दिवसांनी सुतार आला आणि दाराला कुलूप बसवून गेला, आपोआप लागणारं. ताईने एक किल्ली ह्याच्या हातात ठेवली. "ही तुझी. आता काळजी नको."

मग तो किल्ली विसरू लागला. मुद्दाम. खुंटीवर लटकत ठेवून जायचा. भाजी घेऊन परत आला आणि कडी वाजवली.

"कोण?"

"मी. किल्ली राहिली."

आत शांतता. तो कान लावून उभा. रबराची पावलं वाजत नाहीत. येत असेल का? उठली असेल? भाजीची पिशवी बोटांत रुतत होती, ती खाली ठेवायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"खिडकीखाली जा," आतून आवाज आला. "रस्त्याच्या बाजूला."

तो पुन्हा सगळा जिना उतरला. वरून खिडकीतून दोऱ्याला बांधलेली किल्ली खाली येत होती, हेलकावे खात. काजाचा जाड दोरा. त्याने किल्ली सोडवून घेतली, दोरा वर गेला. मग तो पुन्हा सगळा जिना चढला. त्याचेही गुडघे आता कुरकुरत होते.

हे बरेचदा झालं. दर वेळी किल्ली खिडकीतून. ताई एकदाही वैतागली नाही. एकदा फक्त म्हणाली, "तू पूर्वी इतका विसरभोळा नव्हतास." आणि खाली बघून सुई ओवू लागली. तिला सगळं कळत होतं, हे त्यालाही कळत होतं.

मग एका दुपारी, काही कारण नसताना, ताई म्हणाली, "ती गोष्ट सांग."

"कुठली?"

"एकच तर होती ना."

"आता कुठे आठवतेय."

"आठवेल तेवढी सांग. सगळ्या धुलाईघराने ऐकली. मीच राहिले."

तो पाटावर बसला. सुरुवात केली. माणूस, बंगला, बादली. बादलीपाशी आला आणि हातांना जुनं वळण सापडलं. ताईने काम थांबवलं नाही. माणूस दारापाशी आला, बादली ठेवली, कडी वाजवली. दमान्या थांबला.

"कर की," ताई म्हणाली. "आवाज कर."

"ताई..."

"कर. त्याच्याशिवाय कशी होईल गोष्ट?"

त्याने केला. टक्. सर्र. ताई मान हलवत ऐकत होती, शिंप्याने दुसऱ्याची शिलाई उलटून बघावी तशी. मागची खोली, बोळ, जेवणघर, गालिचा. गालिच्यावर तो गप्प राहिला, नेहमीपेक्षा जास्त. मग शेवटचा टक्, आणि खिट्टी सरकली.

"आणि तो?"

"पळाला."

ताईने काज पुरं केलं. शर्ट झटकला.

"पण ती दाराशी कशाला येत होती?"

"ते सांगायचं नसतं," तो म्हणाला. "सांगितलं की भीती जाते."

"लोकांना नको सांगूस. तुला तर ठाऊक असेल?"

त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याने ते पाऊल खोल्याखोल्यांतून चालवलं. गालिचा घातला, थांबवलं, वाजवलं. ते का येतंय, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही.

"नाही," तो म्हणाला.

"त्या माणसाने कडी वाजवली ना?"

"हो."

"मग उघडायलाच येत असणार." ताईने दुसरा शर्ट मांडीवर घेतला. "दुसरं काय? कडी वाजली, म्हणून उठली. पाय तसला, वेळ लागणारच. ती आपली येतेय, येतेय. दाराशी पोचली, खिट्टी काढली. बघते तर बाहेर कोणी नाही. नुसती बादली."

तिने शर्टाची पट्टी बोटांनी सरळ केली.

"लावून घेतलं असेल परत," ताई म्हणाली. "आणि गेली असेल आत. जायलाही तेवढाच वेळ लागतो रे. येताना लागतो तेवढाच."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. चुकलो, असं काहीसं. ताईने सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरला. "ओवून दे. मला दिसत नाही हल्ली." तीन-चारदा दोरा चुकला, मग गेला.

दुसऱ्या दिवशी भाजीला निघताना त्याने खुंटीवरची किल्ली काढून खिशात टाकली. भाजी घेऊन परत जिना चढून आला, कडीला हात न लावता स्वतःच कुलूप उघडलं आणि आत गेला. ताई खिडकीशी होती. दोऱ्याचं रीळ तिने हाताशी काढून ठेवलं होतं.

"आज आठवली वाटतं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आता नाही विसरणार."